लघवीतून रक्त : लाज सोडून बोलावयाचा एक पाठ

(उपदेशक, शिक्षक व बायबल-बाया ह्यांच्या साप्ताहिक वर्गासाठी)

वाचनाचा भाग : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ५, ओव्या २५ ते ३४.

मुख्य मुद्दा : लघवीतून एकदा जरी रक्त गेले, आणि ते दुखल्यावाचून गेले, तरी डॉक्टरास दाखवावे. ते आपोआप थांबले म्हणून स्वस्थ बसू नये.



मार्काने सांगितलेल्या त्या रक्तस्रावी स्त्रीची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. बारा वर्षे ती दुखण्याने पिडली होती, पुष्कळ वैद्य झाले होते, आणि जवळचे सर्व द्रव्य खर्चून झाले होते. ह्या गोष्टीवरून विश्वासाविषयीचे अनेक उपदेश आपण ऐकले आहेत. आज तिच्यातील दुसऱ्या एका बाबीकडे लक्ष द्यावयाचे आहे. ती स्त्री गर्दीत मागच्या बाजूने आली. तिचे दुखणे नियमशास्त्राप्रमाणे विटाळाचे होते, म्हणून ते चारचौघांत बोलण्याजोगे नव्हते. परंतु प्रभूने तिला तसे गुपचूप जाऊ दिले नाही. तिने पुढे येऊन सर्व खरे सांगितले, तेव्हा त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली व शांतीने घरी पाठविले. लपविलेले दुखणे त्याने उजेडात आणले, आणि त्यात तिचा अपमान न होता तिला मानच मिळाला.

आपल्या खेड्यांत जी दुखणी मनुष्य मागच्या बाजूने घेऊन येतो किंवा आणीतच नाही, त्यांत मूत्रमार्गाची दुखणी पहिली आहेत. लघवी लाल झाली तर तो म्हणतो, 'उन्हाळी लागली असेल,' आणि धने-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा घेऊन गप्प राहतो. दुसऱ्यास भीती वाटते की, लोक म्हणतील ह्याला परमा झाला, आणि मंडळीत आपले नाव खराब होईल. ह्या मौनामुळे पुष्कळ प्राण गेले आहेत, म्हणून हा विषय आज आपण उघडपणे मांडीत आहो.

१. अवयवांची ओळख

पाठीच्या दोन बाजूंस बरगड्यांच्या खाली दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्त गाळून त्यातील घाण पाण्याबरोबर वेगळी काढतात. हे मूत्र दोन बारीक नळ्यांनी ओटीपोटातील मूत्राशयात उतरते व तेथे साठून मग बाहेर पडते. पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तिच्यामधून मूत्राची नळी जाते. ह्यांशिवाय पुरुषाची अंडे व शिश्न हे अवयवही ह्याच शाखेचे डॉक्टर पाहतात. ह्यांपैकी प्रत्येक अवयवास कर्करोग होऊ शकतो. कर्करोग म्हणजे शरीरातील पेशी आपली शिस्त सोडून बेसुमार वाढू लागणे व पुढे इतर ठिकाणी पसरणे. तो स्पर्शाने होत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने तो लागत नाही.

२. रंगारी, विडी व मूत्राशय

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी ह्या गावाचे नाव घेतले की कापड रंगविणाऱ्या लोकांचा धंदा डोळ्यांपुढे येतो. आपल्या देशातील जुने रंगारी नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, पळसाची फुले अशा वनस्पतींपासून रंग काढीत. १८५६ साली लंडन येथे विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला, आणि तेव्हापासून युरोपात रासायनिक रंगांचे कारखाने निघाले. हे रंग स्वस्त व चकचकीत असल्याकारणाने आपल्या बाजारांतही लवकरच आले.

पुढे १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी लुडविग रेन नावाच्या शस्त्रवैद्यास एक विलक्षण गोष्ट आढळली. रंगाच्या कारखान्यातील पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी झाल्या होत्या. मूत्राशयात गाठ होणे हे एरवी इतके सामान्य नव्हे. पुढील संशोधनाने ठरले की, रंग करताना वापरावयाची नॅफ्थिलअमाईन, बेन्झिडिन वगैरे द्रव्ये ह्या रोगाचे कारण आहेत. ही द्रव्ये श्वासावाटे व कातडीवाटे रक्तात शिरतात. मूत्रपिंडे ती गाळून मूत्रात टाकतात. मूत्र मात्र मूत्राशयात कित्येक तास साठून राहते, आणि त्या वेळात हे विष मूत्राशयाच्या आतील अस्तरास लागून असते. म्हणून इतर अवयव सोडून रोग तेथे उद्भवतो, आणि तोही वीस-तीस वर्षांनी, जेव्हा मनुष्य तो धंदा सोडून विसरलेला असतो. बेन्झिडिनपासून केलेल्या रंगांवर भारत सरकारने १९९० नंतरच्या दशकात बंदी घातली.

आता कोणी म्हणेल, 'आम्ही शेतकरी; रंगाच्या कारखान्याशी आमचा काय संबंध?' संबंध विडीचा आहे. तंबाखूच्या धुरात रंगाच्या कारखान्यातील ह्याच जातीची द्रव्ये असतात. विडी ओढणारा मनुष्य ती छातीत घेतो, तेथून ती रक्तात जातात व रक्तातून मूत्राशयात येतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असतो. विडीने छाती बिघडते एवढे सर्वांस ठाऊक आहे. ती मूत्राशयही बिघडविते हे थोड्यांसच ठाऊक आहे. ती सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरू लागतो, म्हणून म्हाताऱ्याने सोडण्यातही अर्थ आहे.

जे तरुण औद्योगिक वसाहतींत रंग, रबर किंवा रसायनांच्या कामावर जातात, त्यांनी हातमोजे व तोंडावरील जाळी टाळू नये, कामाचे कपडे घालून घरी जेवावयास बसू नये, आणि पुढे कधी दुखणे आले तर आपण कोणता धंदा केला ते डॉक्टरास अवश्य सांगावे.

३. इतर कारणे

ज्या मिसर देशात इस्राएल लोक दास होते, तेथे नाईल नदीच्या पाण्यातील एक जंत मनुष्याच्या कातडीतून शिरून मूत्राशयात घर करितो. १९१० साली रफर नावाच्या संशोधकाने तीन हजार वर्षांपूर्वीच्या मिसरी प्रेतांच्या मूत्रपिंडांत ह्या जंताची अंडी दाखविली. तो तेथे मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण होऊन बसला होता. आपल्या महाराष्ट्रातही रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी अशा जंताचे रोगी १९५२ साली नोंदले गेले. मराठवाड्यात मात्र विडी हेच मुख्य कारण समजावे.

मूत्रपिंडाच्या कर्करोगास तंबाखू, फाजील लठ्ठपणा व रक्ताचा वाढलेला दाब ही कारणे होतात. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो. ज्याच्या बापास किंवा भावास तो झाला असेल त्याने अधिक सावध असावे. ज्या मुलाचे अंड जन्मतः खाली उतरलेले नसते, त्यास पुढे तेथे कर्करोग होण्याचा संभव जास्त असतो; म्हणून मूल सहा महिन्यांचे झाले तरी अंड जागेवर नसेल तर आईने डॉक्टरास दाखवावे.

शिश्नाचा कर्करोग हा अस्वच्छतेशी जोडलेला आहे. पुढची कातडी मागे सरत नसेल तर तिच्याखाली मळ साठतो, दाह होतो, आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून रोग उपजतो. तंबाखूने व एका जातीच्या विषाणूने त्यात भर पडते. उपाय सोपा आहे : मुलगा मोठा होऊ लागला की बापाने त्यास रोज अंघोळीत ती जागा पाण्याने धुवावयास शिकवावे. कातडी घट्ट असेल तर लहानशी शस्त्रक्रिया करून घ्यावी. ह्यात सुंतेच्या धर्मविधीचा प्रश्न नाही. तो पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात केव्हाच मिटविला आहे. हा केवळ आरोग्याचा प्रश्न आहे.

४. लक्षणे

(अ) लघवीतून रक्त. मूत्राशय व मूत्रपिंड ह्यांच्या कर्करोगाची ही मुख्य खूण आहे, आणि तिच्यात एक मोठा फसवा गुण आहे : ती बहुधा दुखत नाही. मुतखडा मनुष्यास गडबडा लोळवितो, म्हणून तो त्याच दिवशी दवाखाना गाठतो. कर्करोगाचे रक्त एके दिवशी निमूटपणे येते आणि दोन दिवसांनी आपोआप थांबते. मग त्या वेळी जो काढा घेतलेला असतो त्यास गुण आला असे वाटते. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा येते, तोवर गाठ वाढलेली असते.

लाल लघवी झालेल्या प्रत्येकास कर्करोग असतो असे मुळीच नाही. मुतखडा, जंतूंचा दाह, वाढलेली प्रोस्टेट अशी दुसरी कारणे अधिक वेळा निघतात. बीट खाल्ल्याने लघवी तांबूस दिसते. क्षयरोगाच्या गोळ्यांपैकी एका गोळीने ती नारिंगी होते. तेवढ्यासाठी क्षयाच्या गोळ्या कदापि बंद करू नयेत. पण कारण कोणते ते तपासणीने ठरवावे, अंदाजाने नव्हे.

स्त्रियांनी विशेष ध्यान द्यावे. लघवीतील रक्त हे पाळीचे असेल असे समजून त्या थांबतात. पाळी गेल्यावर आलेले कोणतेही रक्त, मग ते कोठूनही येवो, तपासलेच पाहिजे.

(आ) लघवीची जळजळ व घाई. औषध घेऊनही ती पुनःपुन्हा होत असेल, विशेषतः विडी ओढणाऱ्यास, तर पुढील तपासणी करावी.

(इ) धार बारीक पडणे, रात्री वारंवार उठावे लागणे. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत हे बहुधा वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटमुळे होते, आणि ती वाढ कर्करोग नव्हे. तरी दोन्हींची लक्षणे सारखी असल्यामुळे परीक्षा करून घ्यावी. अशा मनुष्याची कंबर किंवा पाठ रात्रंदिवस दुखू लागली, तर ते नुसता वात म्हणून सोडू नये. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरतो.

(ई) कुशीत दुखणे किंवा गाठ लागणे, कारणावाचून वजन उतरणे. ही मूत्रपिंडाची लक्षणे असू शकतात. पाच वर्षांच्या आतील बालकास न्हाऊ घालताना पोटात गाठ लागली, तर आईने ती चोळू किंवा दाबू नये व लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. बालकांतील ह्या रोगावर वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुले बरी होतात.

(उ) अंडात न दुखणारी कठीण गाठ. हा रोग म्हाताऱ्यांचा नव्हे. पंधरा ते चाळीस वर्षांच्या तरुणांचा आहे. तेथे शेक, लेप किंवा सुई काही करू नये.

(ऊ) शिश्नावर न भरणारा व्रण, गाठ किंवा कातडीखालून दुर्गंधीचा स्राव. दोन-तीन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर मलमे बदलीत बसू नये.

५. तपासणी व उपचार

प्रथम लघवीची तपासणी व सोनोग्राफी होते. सोनोग्राफीत दुखत नाही. नंतर बारीक दुर्बीण मूत्रमार्गातून मूत्राशयात घालून आत पाहतात. प्रोस्टेटसाठी रक्ताची एक तपासणी आहे, तिला पी.एस.ए. म्हणतात, शिवाय डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतो. पुरुषांस ह्याची फार लाज वाटते, परंतु ते काम मिनिटभराचे आहे. संशय आल्यास त्या जागेचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कण काढल्याने रोग पसरतो हा समज चुकीचा आहे; अंडाच्या गाठीस मात्र वृषणाच्या पिशवीतून सुई घालीत नाहीत, ते अंड जांघेतून शस्त्रक्रियेने काढतात.

मूत्राशयाचा कर्करोग दर चारांपैकी सुमारे तिघांत प्रथम वरवरच्या अस्तरातच असतो. तो दुर्बिणीतून खरवडून काढतात. पोट फाडावे लागत नाही. त्यानंतर पुष्कळदा बी.सी.जी. हे औषध मूत्राशयात घालतात. ही तीच क्षयरोगाची लस आहे, जिची खूण आपल्या मुलांच्या दंडावर असते. तिचा हा उपयोग कॅनडातील मोरालेस ह्या डॉक्टराने १९७६ साली प्रसिद्ध केला. हा रोग परत येण्याची खोड फार आहे. म्हणून आरंभी दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवू नये. पेरणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत ती तारीख हुकते, आणि तेथेच घात होतो.

रोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला असेल तर औषधांचे डोस देऊन मूत्राशय काढावे लागते, किंवा काही रोग्यांत किरणोपचार करितात. मूत्राशय काढल्यावर बहुधा पोटावर एक वाट करून तेथे मूत्राची पिशवी लावितात. मूत्रपिंडाच्या रोगात शक्य असेल तर गाठीपुरता भाग, नाही तर सबंध मूत्रपिंड काढतात. एका मूत्रपिंडावर मनुष्य चांगला जगतो व शेतीही करितो. रोग पसरला असल्यास आता नव्या गोळ्या व प्रतिकारशक्ती वाढविणारी औषधे आहेत.

प्रोस्टेटचा रोग मंद असेल तर कित्येकदा नुसती नजर ठेवितात. एरवी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करितात. पसरलेला रोगदेखील पुरुषी संप्रेरक बंद केल्याने आटोक्यात राहतो, आणि रोगी कित्येक वर्षे हिंडूफिरू शकतो. हा शोध अमेरिकेतील चार्ल्स हगिन्स ह्यांनी १९४१ साली लाविला व त्याबद्दल त्यांस १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंडाचा कर्करोग तर उपचारांनी दहांपैकी नऊहून अधिक जणांत बरा होतो. तो पसरलेला असतानाही पुष्कळदा बरा होतो. एक अंड राहिले तरी तरुणाचा संसार चालतो. शिश्नाचा रोग लहान असताना आला तर अवयव बहुतांशी वाचतो. उशीर झाला तर तो कापावा लागतो.

जेथे रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल, तेथेही करण्यासारखे काही उरले नाही असे कोणी म्हणू नये. हाडांचे दुखणे किरणोपचाराने व योग्य औषधांनी शमते. वेदना सहन करीत राहणे हे विश्वासाचे लक्षण नव्हे.

६. कोठे जावे

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कन्नडच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे व पुढील चिठ्ठी घ्यावी. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, ज्यास सर्व लोक घाटी म्हणतात. त्याच शहरात आमखास मैदानाजवळ सरकारी कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले, त्यामुळे किरणोपचारासाठी प्रत्येकास मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. मुंबईस परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आहे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड व पूर्वीचे सर्व कागद बरोबर न्यावेत, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रास भेटावे. शेत गहाण टाकण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

७. उपदेशकाचे काम

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे कोणास वाटेल. त्याने बार्शीकडे पाहावे. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोग्यांची नोंद करीत व लोकांस कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत. मोठी यंत्रे त्यांच्या पिशवीत नव्हती. तरी थोड्याच वर्षांत असे दिसले की, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. ज्या दुखण्याची लाज सर्वांत अधिक, त्याच दुखण्यात केवळ सांगण्याने हा फरक पडला. तेच काम आपले उपदेशक व बायबल-बाया घरोघरच्या भेटींत करू शकतात.

त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. पुरुषाशी पुरुषाने व स्त्रीशी स्त्रीने बोलावे. ऐकलेले दुखणे प्रार्थनासभेत नाव घेऊन सांगू नये; गुप्त ठेवलेली गोष्ट एकदा फुटली की दुसरा कोणी तोंड उघडीत नाही. दुखण्यावरून कोणाच्या पापाचा तर्क करू नये. आणि रोग्यास नुसते 'जा' न सांगता पहिल्या खेपेस त्याच्याबरोबर जावे.

प्रार्थना करावी की दवाखान्यात जावे, असा प्रश्न अजून काही मंडळ्यांत निघतो. हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली व ती ऐकली गेली. तरी त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास यशया संदेष्ट्यानेच सांगितले. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता. १८९४ साली मिरजेस डॉक्टर वानलेस ह्यांनी मिशनचे रुग्णालय उघडले, तेही प्रार्थना सोडून नव्हे. दोन्ही देणग्या एकाच हातच्या आहेत.

शेवटी मंडळीस एक विनंती. एखादा बंधू पोटावर पिशवी लावून उपासनेस येईल, किंवा कोणाचा अवयव काढलेला असेल. त्यास दूर बसवू नका. त्याच्या पुरुषत्वाविषयी कुजबूज करू नका. सतरंजीवर आपल्या शेजारी त्याची जागा राखून ठेवा. तो परत आला हे पाहूनच दुसरा लपलेला रोगी उद्या बोलावयास धजेल.

वर्गासाठी प्रश्न

१. त्या स्त्रीस प्रभूने लोकांसमोर का बोलाविले असावे? आपल्या गावात कोणती दुखणी मागच्या बाजूने येतात?

२. कर्करोगाचे रक्त न दुखता येते व आपोआप थांबते. ह्यामुळे मनुष्य कसा फसतो?

३. रंगाच्या कारखान्यातील विष व विडीचा धूर ह्यांचा मूत्राशयाशी काय संबंध आहे, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. पुढील मनुष्यांस आपण काय सल्ला द्याल : वीस वर्षांचा तरुण, ज्यास अंडात न दुखणारी गाठ लागली, साठ वर्षांची स्त्री, जिला वस्त्रावर रक्त दिसले, क्षयाच्या गोळ्या घेणारा बंधू, ज्याची लघवी नारिंगी झाली?

५. येत्या आठवड्यात आपण कोणत्या तीन घरी हा पाठ सांगाल? त्यांची नावे वर्गात न सांगता आपल्या मनात ठरवा, आणि त्या घरांसाठी आजच प्रार्थना करा.